लिफ्टमध्ये शिकलेली कुत्री

लिफ्टमनला माणसांची नावं लक्षात राहत नसत, मजले राहत. सात मजल्यांच्या त्या कचेऱ्यांच्या इमारतीत सत्तावीस वर्षं त्याने लिफ्टचा पितळी दांडा फिरवला होता. "दुसरा मजला आज रजेवर आहे," असं तो घरी येऊन सांगे. "पाचव्याला बढती मिळाली. तिसरा आणि चौथा एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये मी अवघडून उभा." लिफ्ट जुनी, घडीच्या जाळीच्या दाराची. ती मजल्याशी बरोबर आणून थांबवणं हे हाताचं कसब होतं, आणि त्याच्या हाताखाली उंबरठा बोटभरही वर-खाली होत नसे. एवढ्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. बाकी माणूस स्वभावाने इतका गरीब की स्टुलावर बसतानासुद्धा स्टुलाला लागणार नाही अशा बेताने बसायचा. संध्याकाळी सहाला तळमजल्यावर येऊन तो एक आरोळी ठोकी, "लिफ्ट बंद". दिवसभरात त्याचा आवाज चढायचा तो तेवढाच.

सहावा मजला म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांना "आ करा" सांगून बाईंचं सगळंच बोलणं हुकमी झालं होतं. त्यांच्याकडे डॅशहंड कुत्री होती, लांब धडाची आणि आखूड पायांची. वडिलांच्या काळापासून जपलेलं घराणं होतं ते, आणि डॉग शोमध्ये मिळालेल्या ढालींनी दवाखान्याची एक भिंत भरली होती. एकदा बाई टोपलीत चार पिल्लं घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. त्यातलं एक टोपलीतून घरंगळलं आणि सहावा मजला येईपर्यंत लिफ्टमनच्या बुटावर डोकं ठेवून झोपून गेलं.

"पाय हलवा," बाई म्हणाल्या.

"झोपलीय ती."

"मग?"

"उठेल की."

सातव्या मजल्याने घंटा वाजवली. खालून तिसऱ्याने वाजवली, मग दोघांनी मिळून. लिफ्टमन हलला नाही. सत्तावीस वर्षांत लिफ्ट पहिल्यांदाच माणसामुळे बंद पडली.

बाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला. "हिला तुम्हीच घेऊन जा. हिला मी शोसाठी ठेवणार होते, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला रिंगमध्ये उतरता येत नाही. आता नीट ऐका. वंशावळीच्या कागदावर सध्या माझं नाव राहील. ही दीड वर्षाची व्हायच्या आत तुम्ही हिला एका शोमध्ये उतरवायचं. परीक्षकाने 'उत्तम' श्रेणी दिली, तर कागद तुमच्या नावावर आणि कुत्री तुमची. नाही दिली, तर मी परत घेणार आणि ज्याला दाखवता येतं त्याला देणार. हे रक्त माझ्या वडिलांनी स्टुलाखाली झोपवायला जपलेलं नाही."

"उत्तम म्हणजे किती टक्के, बाई?"

"दाताला टक्के असतात का? तसंच ते." त्यांनी पर्समधून नवशिक्यांसाठीचं एक चोवीस पानी पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. "पाठ करा."

लिफ्टमनची बायको घरी कपडे शिवायची. दारातल्या प्राण्याकडे तिने चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय आणलंत?"

"कुत्री आहे."

"पूर्ण आणलीत का? पाय कुठे दिसत नाहीत."

"जातच तशी असते गं. उंची घराण्यातली आहे."

"उंची कुठाय? तोंड स्वयंपाकघरात आलं तरी शेपूट अजून उंबऱ्यावर. आगगाडीची बोगी आहे नुसती."

कागदावर तिचं चार शब्दी भारदस्त नाव होतं. ते कुणालाच एका दमात म्हणता येईना, म्हणून बोगीच राहिलं.

"मी काही हिला जीव लावणार नाही, सांगून ठेवते," बायको म्हणाली. "परत जायची वस्तू." आणि त्याच आठवड्यात तिने उरलेल्या चिंध्यांची एक गुबगुबीत गादी शिवली, वर झालर लावून.

पहिल्या महिन्यात बोगीने दोऱ्याची तीन रिळं खाल्ली. मोजायच्या टेपेचे सुरुवातीचे सात इंच खाल्ले, त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची कंबर सात इंचांनी वाढली आणि दोन बायका रडकुंडीला आल्या. मग तिने डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकाची नऊ ते चौदा ही पानं खाल्ली.

लिफ्टमनने उरलेलं पुस्तक तीनदा वाचलं. आठव्या पानाचा शेवट असा होता: 'कुत्रा चारही पायांवर सरळ, स्तब्ध उभा करता आला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं'. आणि पंधरावं पान सुरू होत होतं: 'म्हणून नखं वेळच्या वेळी कापावीत.'

"म्हणजे निम्मं उभं राहणं आणि निम्मं नखं," तो म्हणाला. "वाटलं होतं तेवढं अवघड नाही."

"बाईंना विचारा ना एकदा."

"आणि पुस्तक कुठाय म्हणाल्या तर? माझ्या हातातून पानं जातात, कुत्री कशी सांभाळणार, असं नाही वाटणार त्यांना?"

घरात रिळं सुरक्षित राहीनात, म्हणून बोगी रोज लिफ्टमध्ये येऊ लागली. रस्त्यावर गर्दी, म्हणून जाताना-येताना ती बायकोने शिवलेल्या पिशवीत, तोंड तेवढं बाहेर. पट्टा गळ्यात पडे तो लिफ्टमध्येच. तिथे तिचं शिक्षण सुरू झालं. जाळी खळ्ळकन उघडली की तिने उठून चारही पाय चौकोनात रोवून, दाराकडे तोंड करून उभं राहायचं. जाळी बंद झाली की बसायचं. येणारी-जाणारी माणसं तिला थोपटत, पाठीवरून हात फिरवत, तिसरा मजला तर वजनाचा अंदाज घ्यायला उचलूनही बघे. ती ढिम्म हलत नसे. सहाव्या मजल्यावर बाई रोज तिचे दात पाहत, त्यामुळे पांढरा डगला दिसला की बोगी आपण होऊन तोंड उघडी. दिवसाला दोनशे वेळा दार उघडायचं, म्हणजे दोनशे वेळा सराव. जगात कुठल्याही कुत्रीला इतकं उभं राहायला शिकवलं नसेल. ज्याचं आयुष्य वर-खाली गेलं, त्याला पुढे-मागे सुचणार तरी कसं?

सहाला "लिफ्ट बंद" झालं की मात्र तो कमरेच्या किल्ल्या हातात घेई, आणि घरी जायचं म्हणून बोगी पट्ट्यासकट मोठ्या दरवाजाकडे सुटे. तो मागून लगबगीने जाई आणि तिला पिशवीत घाली. तो सराव आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

शो एका शाळेच्या मैदानावर, रविवारी सकाळी होता. बायकोने त्याच्या कोटाला आतून बिस्किटांचा खिसा शिवून दिला. आदल्या दिवशी नखं इतकी निगुतीने कापली होती की बोगीच्या पायांकडे पाहून आपल्या हातांची लाज वाटावी. दोऱ्या बांधून आखलेल्या रिंगच्या कडेला दोघं उभे राहिले. आत डॅशहंड नरांचा वर्ग चालू होता. पलीकडे झाडाच्या सावलीत डॉक्टरीणबाई काठीवर हनुवटी टेकून खुर्चीत बसल्या होत्या.

"अहो," बायको म्हणाली, "ती माणसं पळतायत."

"उशीर झाला असेल त्यांना."

"सगळ्यांनाच? आणि कुत्री घेऊन, त्रिकोणात?"

लिफ्टमनने खिशातून पुस्तक काढलं. आठवं पान पाहिलं, पंधरावं पाहिलं. "नऊ ते चौदा," तो हळूच म्हणाला. दोघांनी बोगीकडे पाहिलं. बोगी प्रवेशक्रमांकाचा पुठ्ठा खात होती.

तंबूमागे नेऊन त्यांनी तिला चालवून बघितलं. ती चार पावलं गेली, लिफ्टची लांबी तेवढीच होती, मग वळली, दार शोधलं आणि बसली. बिस्किट दाखवलं तर बसल्या जागी तोंड उघडलं.

"तुम्ही तरी पळाला आहात का कधी?" बायकोने विचारलं.

"लिफ्ट असताना कशाला पळू?"

ती पिशवी छातीशी घट्ट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ती गादी मी बाईंकडे पाठवणार नाही. तिथे तिला झालरीची कदर नाही होणार." आणि तिने तोंड फिरवलं. तेव्हा लिफ्टमनला पहिल्यांदा कळलं की घरात घाबरलेले आपण एकटेच नाही.

नवशिक्या माद्यांच्या वर्गात दोघीच होत्या, बोगी आणि टाय लावलेल्या एका केमिस्टची कुत्री. रिंगच्या तोंडाशी लोखंडी घडीचं फाटक होतं. ते गंजलेलं. कार्यकर्त्याने ओढलं तसं खळ्ळकन वाजलं, आणि बोगी अशी उभी राहिली की जणू कुणी ओतून काढली. परीक्षक उंच, पिकल्या मिशांचे, पांढरा कोट घातलेले. सातव्या मजल्याच्या तोलाचा माणूस, लिफ्टमनने मनात नोंद केली. त्यांनी तिच्या पाठीवरून, छातीवरून हात फिरवला. ते दात पाहायला वाकले, तर तोंड आधीच उघडं होतं.

"स्वतःहून उघडते?"

"सहाव्या मजल्याची सवय, साहेब."

परीक्षकांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. "सुरेख. आता त्रिकोण घ्या."

लिफ्टमनने त्रिकोण घेतला. बोगीने घेतला नाही. ती चार पावलं आली, वळली आणि फाटकाकडे तोंड करून बसली. पट्टा ताणला गेला आणि लिफ्टमन गरकन फिरला. दोरीबाहेर हशा पिकला. दुसऱ्यांदाही तेच झालं, फक्त या खेपेला त्याची टोपी पडली, ती बोगीने उचलली आणि चावायला घेतली.

"चाल दिसल्याशिवाय मला श्रेणी देता येत नाही," परीक्षक म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "अजून एकदा. शेवटचं."

लिफ्टमनने झाडाखाली पाहिलं. बाईंची हनुवटी काठीवरून उठली होती. त्याने दोरीपलीकडे पाहिलं. बायकोने पिशवी तोंडावर धरली होती. त्याचा धीर सुटला. आता कसला त्रिकोण आणि कसलं काय. त्याने वाकून बोगीचे कान कुरवाळले, टोपी सोडवून घेतली आणि सवयीने हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

"चल बाई घरी," तो म्हणाला. "लिफ्ट बंद."

बोगी निघाली. मान वर, शेपूट सरळ, आखूड पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे टकटक पडत होते. लिफ्टमन मागून धावला, कारण पट्टा त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता. कोपऱ्यावर दोरी आली तशी ती थांबून दार शोधू लागली. लिफ्टमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने तिला तिरकं वळवलं, किल्ल्या खुळखुळवल्या आणि सत्तावीस वर्षांच्या सरावाचा आवाज लावला, "लिफ्ट बंद." ती पुन्हा सुटली. तिसऱ्या बाजूला त्याचा दम संपला होता, आवाज फुटेना. तेव्हा दोरीबाहेरून बायकोने पिशवी खाली घेतली आणि आरोळी दिली. तिच्यामागून आजूबाजूचे पंधरा-वीस लोकही सुरात म्हणाले, "लिफ्ट बंद."

बोगी परीक्षकांसमोर येऊन थांबली आणि तिने तोंड उघडलं.

"हे काय म्हणत होता तुम्ही?" परीक्षकांनी विचारलं.

"ऑफिसचं आहे, साहेब," लिफ्टमन गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला.

पहिली केमिस्टची कुत्री आली. बोगी दुसरी, म्हणजे शेवटची. पण तिच्या कागदावर श्रेणी 'उत्तम' होती, आणि खाली शेरा: 'उभं राहणं निर्दोष. चाल सरळ आणि मोकळी. चालवणाऱ्याने व्यायाम करावा.' शेजारच्या रिंगमध्ये एक गृहस्थ वासराएवढ्या कुत्र्याला "लिफ्ट बंद, लिफ्ट बंद" असं विनवत होते. कुत्रा जांभई देत होता.

डॉक्टरीणबाईंनी शेरा दोनदा वाचला. "वाका," त्या लिफ्टमनला म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर वंशावळीचा कागद ठेवून त्यांनी सही केली. तो सरळ होतो न होतो तोच पुढचा प्रश्न आला. "माझं पुस्तक?"

लिफ्टमनने मान खाली घालून पुस्तक दिलं. बाईंनी उघडलं.

"नऊ ते चौदा," त्या म्हणाल्या. "हिच्या आजीनेही हीच पानं खाल्ली होती. ही दुसरी प्रत. रक्त अस्सल आहे." आणि पुस्तक त्यांनी बोगीपुढे धरलं. पण तिला त्यात आता रस उरला नव्हता.

सोमवारी सहाला लिफ्ट तळमजल्याशी बोटभरही चूक न होता लागली. जाळी उघडली, बोगी उभी राहिली, आरोळी झाली. पण ती दरवाजाकडे गेली नाही. दिवाणखान्याएवढ्या त्या तळमजल्यात ती आधी तिजोरीच्या खोलीकडे गेली, तिथून टपालपेट्यांकडे, आणि तिथून वळून पुन्हा लिफ्टपाशी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टमन होता.

तेव्हापासून रोज तेच. पाचव्याचं काम साडेपाचला संपतं, तरी तो सहापर्यंत जिन्यात थांबतो. तिसरा आणि चौथा बघायला एकाच पायरीवर उभे राहतात, अजून बोलत मात्र नाहीत. सहावा मजला वरून कठड्यावर वाकून पावलं मोजतो. आणि लिफ्टमनची बायको आताशा संध्याकाळी पिशवी घेऊन स्वतःच दरवाजात येऊन थांबते.

"अहो, कोपरा नीट घ्या," ती म्हणते. "ती घेतेय, तुम्हीच चुकताय."