चौथ्या दिवसाची चौकशी

जाळी लावून झाली की चौथ्या दिवशी जाळीवाला गिऱ्हाइकाला फोन करायचा. पहिले तीन दिवस पारवे येतातच, हे त्याला पाठ होतं. कालपर्यंतची बसायची जागा एकाएकी बंद झाली हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. येतात, जाळीवर आपटतात, फडफडून निघून जातात आणि पुन्हा येतात. चौथ्या दिवशी कुठे त्यांची खात्री पटते, मग ते शेजारच्या इमारतीचा सज्जा धरतात. काही दिवसांनी त्या शेजारच्या इमारतीतून जाळीवाल्याला बोलावणं येतं. वीस वर्षं हेच चाललं होतं.

"किती आले?" तो फोनवर विचारायचा.

"एकही नाही," असं उत्तर आलं की त्याचा दिवस बरा जायचा. बाकी या धंद्यात बरं वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं.

गिऱ्हाइकं म्हणजे डोक्याला ताप. एका बाईंना पारवे नको होते, पण पोपट आले तर हवे होते; तशी काही सोय होईल का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. एक गृहस्थ रोज सकाळी स्वतःच्या हातानं कठड्यावर दाणे टाकायचे आणि संध्याकाळी फोन करून तुमची जाळी कुचकामी आहे म्हणायचे. एका कचेरीतल्या साहेबांनी तर कमालच केली. जाळीवाला सातव्या मजल्यावर कमरेच्या पट्ट्याला लटकलेला, एका हातात ड्रिल, आणि हे खिडकी उघडून म्हणतात, "काळी नको हो, जरा उदास दिसते." तो तिथे लटकल्या लटकल्या म्हणाला, "साहेब, पारव्यांना उदास वाटावं म्हणूनच लावतोय." ते काम गेलं असतं, थोडक्यात वाचलं.

पण त्याचा हात असा की नाव ठेवायला जागा नाही. वितीवितीवर हूक, हुकांतून तार आणि तारेला ताणून बांधलेली जाळी. ढिली जाळी दिसली की त्याचं पित्त खवळायचं, कारण ढिल्या जाळीत पाखराचा पाय अडकतो आणि ते लटकून मरतं. साफसफाईआधी तो विष्ठेवर पाणी मारायचा, तोंडाला जाड मास्क बांधायचा आणि घरच्यांना आतल्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायला सांगायचा. "ही धूळ वाईट," तो घराघरात बजावायचा. "छातीत जाऊन बसते."

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरी, मागच्या गॅलरीत, अकरा कबुतरं होती.

ती आबांची होती. आबा म्हणजे त्याचे वडील, छापखान्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, हट्टाला पक्के. "ते पारवे, ही कबुतरं," ते सुनेला शंभरदा सांगायचे. त्यांची जात लांबून घरी परत येणारी. तरुणपणी ते पेटारा घेऊन दूरवर जायचे, पाखरं सोडायचे, आणि इकडे गॅलरीत उभं राहून मोजायचं काम पोराचं. आबा घरी पोचताच जिन्यातूनच ओरडायचे, "किती आले?" पोरानं "सगळे" म्हटलं की त्यांचा चेहरा फुलायचा. परीक्षेत पोराला किती मिळाले हे मात्र त्यांनी कधी जिन्यातून विचारलं नाही. शाळेत जायच्या आधी ढाबळ खरवडायची तीही त्यानंच. ढाबळ म्हणजे लाकडी खणांची कबुतरांची घरटी, आणि तिच्या वासाचेच कपडे शाळेत. वर्गातली पोरं त्याच्या मागे घुमायची, "घूं घूं." त्यानं पुढे हा धंदा का धरला, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

"माझ्या घरात जन्माला आलास," आबा म्हणायचे, "आणि पाखरांना दारं बंद करत हिंडतोस."

आई गेल्यापासून आबांचं बोलणं मुख्यतः गॅलरीतच चालायचं, कबुतरांकडे तोंड करून.

आबांची शिट्टी गेली तेव्हा ते पहिल्यांदा जाळीवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं. संध्याकाळी पाखरं उतरवायला ते दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत. समोरच्या गल्लीतली कुत्रीही कान टवकारत. "अहो, हल्ली आबा डब्याचं झाकण वाजवतात," ती म्हणाली. मग खोकला आला. मग जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणं आलं. जाळीवाल्यानं धरून-बांधून त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. "घरात पक्षी आहेत का?"

आबा म्हणाले, "आहेत की." मोठ्या अभिमानानं.

"पिसांची आणि विष्ठेची धूळ आहे ही. औषध मी देतो, पण पक्षी तुम्ही घालवा. फुप्फुसाचा जेवढा भाग निबर झाला तेवढा झाला. आता थांबवलं नाही, तर वर्षभरात ऑक्सिजनची नळी लावून बसावं लागेल. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू." मग डॉक्टर जाळीवाल्याकडे वळले. "तुम्ही काय करता?"

त्यानं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

पुढचा महिना घरात धुसफुशीचा गेला. आबा म्हणायचे, चाळीस वर्षांत काही झालं नाही. जाळीवाला म्हणायचा, चाळीस वर्षं झालं तेच तर फोटोत दिसतंय. शेवटी एके दिवशी भर दुपारी त्यानं मापाची पट्टी काढली. "आबा, दुसरं टोक धरा." आबांनी धरलं. "लांबी?" आबांनी आकडा वाचला. "रुंदी?" तोही वाचला. ते भांडले असते तर बरं झालं असतं असं त्याला त्या क्षणी वाटलं.

नदीपलीकडे आबांचा जुना दोस्त राहायचा. त्याची बेकरी होती आणि वर गच्चीत कबुतरं. तो पाखरं ठेवून घ्यायला तयार झाला. आबांनी एकेक कबुतर हातानं धरून पेटाऱ्यात घातलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती लागतच नसत. शेवटचा पांढरा म्हातारा नर त्यांनी जरा वेळ धरून ठेवला. त्याची मादी दोन वर्षांपूर्वी मेली होती आणि तेव्हापासून तो ढाबळीतल्या वरच्या खणात एकटाच बसायचा.

जाळीवाल्यानं ढाबळ काढली, गॅलरी धुतली आणि जाळी लावली. एवढं नेटकं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. बोटानं वाजवली तर तारेसारखी वाजत होती.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं आपल्या गच्चीवरचं दार उघडलं, आणि अर्ध्या तासात अकराच्या अकरा जाळीला येऊन लटकली.

पारवा असता तर हरकत नव्हती. पारवा चौथ्या दिवशी जातो. ही जाईनात. चौथा दिवस गेला, सातवा गेला. आबा गॅलरीचं दार उघडून खुर्ची टाकून बसायचे आणि ती बाहेरून, नखांनी जाळी धरून, त्यांच्याकडे बघत बसायची. पिसं आत पडायची, खोकला चालूच. जाळीवाल्यानं पत्रे लटकवले, काटे लावले, नळीनं पाणी मारलं. मग नाइलाजानं आबांना जाळीचा कोपरा सोडून द्यायचा, ती त्यांच्या हातावर यायची, पुन्हा पेटारा, पुन्हा स्कूटर, पुन्हा नदी. दुसऱ्या खेपेला बेकरीवाल्यानं आठवडाभर कोंडून ठेवलं. तिसऱ्या खेपेला पंधरा दिवस. दार उघडलं की आलीच.

"तुमच्या जाळीवाल्याच्या घराला तेवढी कुणीतरी जाळी लावा म्हणावं," खालच्या मजल्यावरच्या काकू त्याच्या बायकोला म्हणाल्या. तिनं ते जेवताना सांगितलं. सांगायलाच हवं होतं असं काही नाही.

तिसऱ्यांदा ती परत आली, तेव्हा आबा खोकून खोकून खुर्चीतच वाकले होते. ओठांना निळसर छटा आली होती. वर जाळीवर ती अकरा घुमत होती. जाळीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खाटकाला देतो सगळी!" तो ओरडला. "उद्याच देतो! माझी अक्कल चालत नाही आता. वीस वर्षं लोकांच्या घरातनं पाखरं घालवली, कुणाचा श्वास कोंडू नये म्हणून, आणि माझ्याच घरात... आबा, मरायचंय का तुम्हाला?"

आबांनी दम खाल्ला. बराच वेळ खाल्ला. मग म्हणाले, "कोंडून काय होणार? जोडी-जोडीनं वेगळ्या खणात ठेवायची. अंडी घालू द्यायची. पिल्लं चोचीनं टिपायला लागली की मग दार उघडायचं. जिथं पिल्लं वाढवली ते घर. मग नाही येत."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"कबुतरं पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. बेकरीवाल्यालाही आहे. मीच त्याला म्हटलं, मुलगा विचारेल तेव्हा सांगू."

"इतके दिवस! मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं?" आबा म्हणाले. "लांबी विचारलीस, रुंदी विचारलीस."

त्याला इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. हा माणूस हट्टापायी दीड महिना स्वतःचं फुप्फुस जाळत बसला होता. आणि राग स्वतःचाही आला, तो जास्त झोंबला. पोपट मागणाऱ्या बाईंचं त्यानं अर्धा तास ऐकून घेतलं होतं. ज्यानं अख्खा जन्म पाखरांत काढला त्याला मात्र एक प्रश्न विचारावा, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. घरात बसलेला हा माणूस त्याला फक्त अडचण वाटत आला होता. त्याला लाज वाटली, पण ती तोंडातून बाहेर पडली ती चिडूनच: "मग सांगा आता नीट. कोण कुणाबरोबर?"

आबांनी सांगितलं. राखाडी पट्ट्याची त्या भुऱ्या डोक्याच्या नराबरोबर. लाल जोडी एकत्र, त्यांच्या शेजारी काळ्या शेपटीवाल्याला ठेवायचं नाही, तो मारामाऱ्या करतो. जाळीवाल्याला ती सगळी सारखीच दिसत होती. त्यानं चुका केल्या, आबांनी त्या खेकसून सुधारल्या, आणि दोन तास बापलेक पाखरांचे पंख उलगडून बघत बसले, आबांच्या तोंडाला जाळीवाल्याचा जाड मास्क. लहानपणीही असं कधी बसले नव्हते.

"आणि हा पांढरा?" त्यानं विचारलं.

"त्याला कोण आहे?" आबा मास्कमधून म्हणाले. "ने त्यालाही. पण तो येणार. तो आला तर येऊ दे, एकाची काही एवढी धूळ नाही होत."

"बरं," जाळीवाला म्हणाला आणि त्यानं पेटारा स्कूटरला बांधला.

दोन महिने गेले. गॅलरी कोरडी, स्वच्छ राहिली. डॉक्टरांकडचा फोटो ठरल्यापेक्षा उशिराच निघाला. आजार पुढे सरकलेला नव्हता. गेलेलं परत येणार नव्हतं. आबा दुपारी कधी दोन बोटं तोंडात घालायचे. हवा यायची फक्त.

मग बेकरीवाल्याचा निरोप आला की पिल्लं टिपायला लागली, आज दार उघडतोय. पहिल्या दिवशी आबा सकाळपासून गॅलरीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सुनेनं जेवणाचं ताट तिथेच आणून दिलं. जाळीवाला चौथ्या दिवशी काम टाकून दुपारीच घरी आला, कशासाठी ते त्यानं बायकोला सांगितलं नाही. तो गॅलरीत जाऊन उगाच एकेक हूक दाबून बघत बसला. आभाळ मोकळं होतं. समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावर दोन पारवे होते, तेवढेच.

संध्याकाळ झाली. आबांना हल्ली लांबचं नीट दिसत नसे.

"किती आले?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यानं हजारदा विचारला होता. कुणाकडून उचलला होता हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"एकही नाही," तो म्हणाला.

"पांढरा?"

"नाही, आबा."

"नीट बघ. तो कधीकधी पाण्याच्या टाकीवर बसतो आधी."

त्यानं टाकीवर बघितलं. खालची गल्ली बघितली, वायरी बघितल्या. तो यावा असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचा संतापही येत होता. "नाही," तो म्हणाला.

"लागली वाटतं जोडी त्याची," ते म्हणाले. मग जाळीकडे हात करून म्हणाले, "काम चांगलं झालंय. ताण बरोबर आहे."

वीस वर्षांत त्यांनी त्याच्या कामाबद्दल बोललेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो आज नको होता.

"खुर्ची आत घे," आबा हात टेकत उठले. "इथं बसून आता काय करायचंय."

त्यानं खुर्ची उचलली. तिचा मागचा पाय उंबऱ्यात अडकला, कितीही हिसडलं तरी निघेना, आणि तो त्या खुर्चीला नाही नाही ते बोलत तिथेच बराच वेळ उभा राहिला.