फोटोग्राफरच्या रकान्यातली कुसुम

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की म्हणायचो, "भिया, नींद पूरी करो." तुम्हीही मला तेच म्हणा, चालेल.

मी इंदूरचा, मल्हारगंजला राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो. बाबा गेल्या वर्षी गेले. नोकरी सरकारी, पण नाव झालं ते फोटोंमुळे — कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्या, गौतमपुऱ्याची हिंगोटची म्हणजे पेटत्या फटाक्यांची लढाई, बाजार. मोठ्या भावानं, दादानं, त्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि स्कॅन केलेले अकराशे फोटो माझ्या गळ्यात मारले. "तू कम्प्युटरवाला ना, सगळ्यांत बाबांचं नाव टाकून दे." प्रत्येक फाइलच्या आत माहितीचे रकाने असतात, फोटो कोणी काढला वगैरे. प्रिंटवाला त्यातूनच फोटोखालची पट्टी छापणार होता.

रविवारी सकाळी पोहे खाता खाता सगळ्या फाइली सिलेक्ट केल्या, फोटोग्राफरच्या रकान्यात 'माधव' लिहिलं, सेव्ह. दोन मिनिटांचं काम! तपासायला एक उघडली... 'कुसुम'.

आमच्या खानदानात माझ्या माहितीची कुसुम नाही. वाटलं, जुनी काही गडबड असेल. परत सगळं पुसून भरलं. तेच. अकराशेपैकी तीनशे बारांत 'कुसुम', बाकीच्यांत नीट 'माधव'. तिसऱ्यांदा केलं... तेच तीनशे बारा! मग मी त्या फाइली एकेक बघायला लागलो. हिंगोटच्या एका फोटोत बाबा स्वतःच कानांवर हात ठेवून उभे होते. मतलब, कॅमेरा दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

आई बाजूला मेथी निवडत होती. सहज विचारलं, "आई, कुसुम कोण गं?"

तिचे हात थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सांग ना."

"मी. माझं माहेरचं नाव. तुझ्या जन्माआधीच गेलेल्या आत्याचंही नाव कुसुम, एका घरात दोन कशा चालतील? लग्नात ताटातल्या तांदळात सुलभा लिहिलं. तेव्हापासून सुलभा."

पन्नास वर्षं कोणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. मलाच माहीत नव्हतं, तर कम्प्युटरला काय माहीत असणार!

मी तिला स्क्रीनसमोर बसवलं, रकाना दाखवला नाही. ती फोटो बघून सांगत गेली. "हा त्यांचा. हा माझा. हाही माझा." मी मागे बसून यादीशी ताडून बघत होतो. एकदाही चुकली नाही.

"मग बाबांचं नाव का?"

"पहिला स्पर्धेला पाठवला तो त्यांच्या नावानं. बक्षीस आलं. मग तेच चालू राहिलं." आणि परत मेथी निवडायला लागली. माझं डोकंच फिरलं.

दादाला फोन केला. तो भडकला. "कार्डं वाटून झालीत! आता आईला कुठे घुसवू? बाबा चोर होते, असं लिहू का खाली? पागल हो गया क्या?" मी भांडलो, पण खरं सांगतो, फार नाही. दादाशी कोण वैर घेणार... आणि बाबांची अब्रू. असं मी स्वतःला समजावलं.

संध्याकाळी पुन्हा 'माधव' भरलं. पुन्हा तीनशे बारा 'कुसुम'. चारदा, पाचदा. प्रिंटवाल्याचे फोन चालू होते. आई मागे येऊन उभी राहिली, चष्मा लावून तिनं आपलं नाव वाचलं. बराच वेळ वाचलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "बाबांचंच घाल."

मी बटण दाबलं. एका झटक्यात सगळे 'माधव' झाले.

प्रदर्शनात लोक म्हणाले, बायकांचे चेहरे टिपावेत ते माधवरावांनीच. आई दारात पेढे देत होती.

त्याला आता तीन महिने झाले. सॉफ्टवेअर बदललं, मशीन बदललं, ऑफिसातल्या जाणकारांना दाखवलं. कोणालाच काही सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. आता रोज मीच त्या तीनशे बारांत 'कुसुम' भरतो. सेव्ह होतं. उघडून बघतो... 'माधव'.

काल न राहवून आईला सांगितलं. तिनं मान वर न करताच विचारलं, "तेव्हा माझं नाव घालू का, असं विचारलं असतंस, तर मी नको म्हणेन असं वाटलं होतं का तुला?"

नव्हतं वाटलं. म्हणूनच तर विचारलं नव्हतं.