मजकूर माझा, पाळत त्याच्यावर

सरकारने तुमच्यावर पाळत ठेवायची तसदी घेतली नाही, याचं तुम्हाला कधी दुःख झालं आहे का?

हसू नका. मला झालं होतं. रोहिणखेडला मशिदीमागे रंगाऱ्यांची घरं आहेत. त्यातल्या एका घरचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र. इंग्रज सरकारविरुद्धची आमची पत्रकं त्याच्याच अंगणात निघत. सरस वितळवून परातीत त्याची लादी जमवायची, जांभळ्या शाईने लिहिलेला कागद तिच्यावर दाबायचा, मग कोरे कागद एकेक करून दाबून उचलायचे. शाई त्याच्या घरच्या रंगाची. दुसऱ्या कोणाची बोटं जांभळी दिसली असती तर शिपायाने मनगट धरलं असतं. रंगाऱ्याच्या मुलाला कोण विचारणार?

पण त्या कागदावरचा शब्द न् शब्द माझा होता. त्याला दोन वाक्यं धड जुळवता येत नसत. आणि एका बाजाराच्या दिवशी खुफिया, म्हणजे सरकारचा गुप्त पोलीस, येऊन बसला तो त्याच्या दारासमोर.

कल्हईवाला बनून आला होता. दुपारपर्यंत सगळ्या गावाने त्याला ओळखलं, कारण भाता होता पण भट्टी काही पेटत नव्हती. बायका मुद्दाम गंज, पातेली अशी भांडी घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहत.

"भाऊ, गंज देऊ का कल्हईले?"

"कथील सरलं, बाई."

"काल बी सरलंच होतं. कथील तुमीच खाऊन राह्यले का बा?"

मित्राची अम्मा मात्र त्याला रोज भाकरी आणि ठेचा पाठवी. म्हणे, "माह्या पोरासाठी उन्हात बसून राह्यला बिचारा, त्याले उपाशी काऊन ठेवायचं?"

मित्र बाजाराला निघाला की कल्हईवाला भाता उचलून त्याच्यामागे. लोक दोघांनाही वाट करून देत. पानवाला न विचारता मित्राच्या हातात पान ठेवी. मी शेजारी चालत असे, माझ्याकडे कोणी बघत नसे. एकदा मी मुद्दाम वेगळ्या गल्लीला वळून पाहिलं. मागे वळलो तर गल्ली रिकामी.

"काऊन बे, तोंड काऊन पाडलं?" मित्राने विचारलं.

"तुह्या मांगं अख्खं सरकार हाय. माह्या मांगं कुत्रंबी नाही."

"घेऊन जाय ना यार. अर्धा दिवस तुह्याकडे ठेवतो त्याले."

तो हसला. मला त्याचं ते हसणंसुद्धा श्रीमंताचं वाटलं.

या खुफिया खात्याबद्दल आम्ही वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचलं होतं. ठग आणि दरोडेखोर पकडायला ही यंत्रणा आधी उभी राहिली. ठग संपले, यंत्रणा उरली, आणि तिला काम हवं होतं. मग सभेत टाळ्या वाजवणारा, गावात वर्तमानपत्र वाचून दाखवणारा, प्रत्येकजण ठगाच्या जागी जाऊन बसला. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला. आमच्या गल्लीतली कुजबुज नागपूरच्या कचेरीत पोहोचते, असं लोक भीतीने सांगत. मी तेच अभिमानाने सांगत असे. पोहोचत होती ती मात्र मित्राची कुजबुज.

शेवटी मला राहवलं नाही. भर दुपारी मी सरळ कल्हईवाल्यासमोर जाऊन बसलो.

"मले काऊन नाही?"

तो दचकला. मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "तुमच्या मांगं कोणी जायचं नाही, भाऊ. वरून हुकूमच हाय तसा."

"म्हंजे मी कोणीच नाही?"

"लय हाय. बाकीच्यायच्या मांगं आम्ही जातो. तुमच्या मांगं तुमचेच लोक लागतील. थोडं थांबा."

मी उठलो, तर समोरून गुरुजी येत होते. शाळेतून काढून टाकलेले हे मास्तर आमच्यातले वडीलधारे. कोणी काय करायचं ते तेच ठरवत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कल्हईवाल्याकडे पाहिलं, आणि सरळ रंगाऱ्याच्या अंगणात गेले. मी त्यांच्यामागे गेलो.

"आपण तिघं," ते म्हणाले. "मी बाहेर पडलो की हा कल्हईवाला मागे येतो. रंगाऱ्याचा बाहेर पडला तरी येतो. तिसऱ्यामागे कोणी नाही. का? आणि तिसरा त्याच्याशी भर रस्त्यात गुजगोष्टी करतो. संग्रामपूरला न्यायची पत्रकं याच्या हाती द्यायची नाहीत. आजपासून याने या अंगणात यायचंही नाही."

तेव्हा मला त्या हुकुमाचा अर्थ कळला. एकाला मोकळा सोडायचा, म्हणजे बाकीचे त्याला फितूर म्हणतील आणि खात्याचं काम आपोआप होईल. त्यासाठी गोळी लागत नाही, बेडी लागत नाही. पण हे गुरुजींना सांगणार कसं? माझा साक्षीदार एकच होता, आणि तो कल्हईवाला होता.

मित्र परात खरवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, ह्याच्या मांगं कोणी नाही, हे तर तुमीच सांगून राह्यले. मंग परचे ह्यानंच न्यायचे ना! आपण निघालो का कल्हईवाला निघते."

"आणि याने ते ठाण्यावर नेऊन दिले तर?"

"तर मी जाईन जेलात. घर माहं, रंग माहा. तुमाले कोण विचारते?"

कोणीही भला माणूस त्या क्षणी गहिवरला असता. मी जळालो. पाळत त्याच्यावर, आणि आता मन मोठं तेही त्याचंच.

सरकीच्या पोत्यात पत्रकं घालून मी बैलगाडीने निघालो. पूर्णा ओलांडली. नदीपलीकडे एका शिपायाने बिडीसाठी काडी मागितली, पोत्याकडे पाहिलंही नाही. त्याचाही मला राग आला. संग्रामपूरच्या बाजारात लोकांनी माझे शब्द मोठ्याने वाचले. लिहिणारा कोण, हे कोणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर धाड पडली. परात सापडली, मित्र तुरुंगात गेला. मला कोणी हात लावला नाही. गुरुजी गावभर म्हणाले, "बघा, हा पुन्हा सुटला." पत्रकं पोहोचली होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही म्हणाले. लोक माझ्या ओट्यावर बसेनासे झाले.

मित्र सुटून आला तेव्हा वेशीपासून मिरवणूक निघाली. हार इतके, की गळा दिसेना. मी दारातून पाहत होतो आणि त्यातला प्रत्येक हार मोजून माझा समजत होतो. मिरवणूक माझ्या घरासमोर आली, तसा तो बाहेर पडला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"पाणी देतं का नाही बे? का तेबी वरून हुकूम आल्यावर?"

सगळी मिरवणूक रस्त्यात ताटकळत उभी. तो पाणी प्यायला, मग त्याने पान मागितलं, सावकाश चघळलं. दर बाजाराला तो तसाच येऊन बसू लागला, तेव्हा एकेक जण परत येऊ लागला. सगळे नाही. गुरुजी अजून रस्त्याच्या पलीकडून जातात. ते हार मला अजून सलतात, हेही लिहून टाकतो.

तुमच्या गावातही असा एक माणूस असेल, ज्याला लोक दबक्या आवाजात फितूर म्हणतात. म्हणणाऱ्याला विचारा, तू स्वतः काय पाहिलंस? त्याला उत्तर देता आलं नाही, तर येत्या बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसा आणि पाणी मागा.