दाराजवळचा डाग

रंगाऱ्याने आयुष्यभर लोकांची घरं चकाचक केली आणि स्वतःच्या स्वयंपाकघराकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. बायको म्हणायची, "अहो, आपलं कधी?" हा म्हणायचा, "हातातलं काम उरकू दे, मग आपलंच." त्या 'मग'च्या भरवशावर बिचारीने अख्खा संसार काढला. आता ती नव्हती, आणि भिंतीला रंग लावायची वेळ येऊन ठेपली होती.

लेक, जावई आणि नात रविवारी सामानसुमानासकट राहायला येणार होते. बाप एकटा पडलाय, धड जेवतसुद्धा नाही, म्हणून लेकीनेच हा घाट घातला होता. तिची अट एकच होती. "बाबा, स्वयंपाकघर तेवढं रंगवून घ्या. काळं ठिक्कर पडलंय." रंगारी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दारापाशी जाऊन उभा राहिला. तिथे चौकटीला लागून एक तेलकट डाग होता, पसरट, पाच बोटांचा. गुडघ्यांना तेल चोळून झालं की बायको त्याच जागी हात टेकून उठायची. घरात तिचे कपडे होते, चष्मा होता, फोटो होते. पण तिचा हात असा या एकाच जागी राहिला होता, आणि तो पुसायला त्याचं मन धजत नव्हतं.

ती रंगाच्या दुकानात रंग मिसळायची. सगळे तिला रंगवाली म्हणत. रंगाऱ्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते एका गिऱ्हाइकाच्या भिंतीचा पोपडा रंग जुळवायला कागदात गुंडाळून नेला तेव्हा. मिसळायला बाई बसलीय म्हटल्यावर त्याने नाक मुरडलं. तिने पोपडा निरखला, डब्यात चार थेंब इकडचे, दोन तिकडचे टाकले, ढवळलं आणि बोटभर रंग आपल्या डाव्या मनगटावर ओढला. मग फुंकर मारत उजेडात जाऊन उभी राहिली.

"झालं की नाही? मला घाई आहे," हा म्हणाला.

"ओला रंग खोटं बोलतो. वाळू दे. तोवर बसा, पाणी प्या."

तो बसला तो बसलाच म्हणायचा. त्या दिवसापासून त्याला एकाएकी सारखा रंग कमी पडायला लागला. शेवटी दुकानाचे मालकच म्हणाले, "अरे बाबा, रंग भिंतीला लावतोस की पितोस? काय ते एकदा बोलून टाक तिच्याशी."

बोलला. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी बोलायला लागली तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी एक खेळ चालायचा. आई दुकानातून आली की लेक तिला हात धुवू द्यायची नाही. मनगटावरचा रंग बघायची आणि विचारायची, "आई, आज कोणाचं घर?"

"आज दवाखान्याचं."

दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज तुझ्या शाळेचं. आता भिंतीवर रेघोट्या मारशील तर बघ!"

बाई प्रेमळ होती, पण गरीब गाय नव्हती. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं काम बघायला जायची, भिंतीवरून तळहात फिरवायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "इथे कच्चं राहिलंय." हा धुसफुसत पुन्हा घासायला घ्यायचा. रंगाऱ्याचं काम पक्कं, असं नाव झालं होतं. त्यातलं अर्धं श्रेय तिचं, आणि उरलेलं अर्धं तिच्या धाकाचं.

जन्मभर उभं राहून गुडघे गेले, मग हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी एका दुपारी ती हळूच दुकानात जाऊन आली. येताना एक डबा आणला. स्टुलावर बसून धापा टाकत तिने डावा हात पुढे धरला. मनगटावर फिकट पिवळा रंग होता. हा आपला गोळ्या शोधत होता.

"राहू द्या हो त्या गोळ्या. विचारा की!"

त्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. "आज कोणाचं घर?"

"आपलं!" ती म्हणाली, आणि दम लागेपर्यंत हसली. "आधी तो दाराजवळचा डाग काढा. रंगाऱ्याच्या घरात असा डाग! लोक तोंडात शेण घालतील."

"तू जरा बरी हो, मग लावू," तो म्हणाला. ती बरी झाली नाही.

शनिवारी त्याने तोच डबा काढला. सगळ्या भिंती सोड्याच्या पाण्याने धुतल्या, घासल्या, भेगा बुजवल्या, प्रायमर मारला. दाराजवळची जागा शेवटी ठेवली. तेलाचा डाग धुऊन, खरवडून, वर प्रायमर मारल्याशिवाय रंग लावला, तर तो चार दिवसांत वर येतो, हे त्याने शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलं असेल. हातात ओलं फडकं घेऊन तो कितीतरी वेळ उभा राहिला. मग फडकं बादलीत टाकलं, ब्रश बुडवला आणि थेट डागावर रंग ओढला. तिची इच्छा होती रंग लागावा, तो लागला. डागाचं काय ते तेलाने बघावं.

रविवारी मंडळी आली. लेकीने दाराजवळ पाहिलं, "छान झालंय" म्हणाली आणि सामान लावायला निघून गेली. त्यानंतर रंगाऱ्याचा जीव टांगणीला लागला. सकाळ-संध्याकाळ तो त्या जागी रेंगाळायचा. भिंत स्वच्छ, पिवळी, कोरी. रंग फार जाड बसला की काय? आपणच आपल्या हाताने तिला झाकून टाकलं की काय? त्याला घास जाईना. लेकीला वाटलं, स्वयंपाक आवडत नाही.

आठवडा उलटला असेल. चहा ठेवायला गेलेली लेक दारातच थबकली. "बाबा, जरा इकडे या."

डाग वर आला होता. फिकट होता, पण पाची बोटं मोजता येत होती.

"इथे सोड्याने धुतलं नव्हतं?"

"नाही."

"खरवडलं पण नाही? प्रायमर?"

रंगाऱ्याने मान खाली घातली. "कच्चं काम केलं मी. तिला चाललं नसतं."

लेक ओट्याला टेकली. "रविवारी आल्याआल्या बघितलं, तर आईचा हात गेलेला. इतकी चिडले होते तुमच्यावर! पण रंगवा म्हणून मीच मागे लागले होते ना? कोणत्या तोंडाने बोलणार?" तिचे डोळे भरून आले. पदराने पुसत तिने विचारलं, "त्या डब्यात उरलाय थोडा?"

त्याने डबा काढून दिला. तिने चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं, बोट बुडवलं आणि डाव्या मनगटावर रंग ओढला. मग आईसारखीच फुंकर मारत उजेडात जाऊन उभी राहिली, आणि हात बापापुढे धरला.

रंगाऱ्याने विचारलं, "आज कोणाचं घर?"

"आपलं," लेक म्हणाली.

त्या दुपारची गोष्ट त्याने तिला कधीच सांगितली नव्हती. रंगाऱ्याने दाराजवळच्या त्या डागावर हात टेकला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडला.