रविवार संध्याकाळची सोय

हिंजवडीतली नोकरी मी सोडली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं विचारलं, "पुढे काय?" मी म्हटलं, "छोट्या छोट्या वेबसाइट काढणार, स्वतःच्या." मी रांगोळीचे वर्ग काढणार असल्यासारखा तो हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नारायण पेठेत खोली घेतली आणि कामाला लागले. जुन्या पुस्तकांची अदलाबदल, भाड्याच्या खोल्यांची माहिती, सोसायट्यांसाठी पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक. एकामागून एक काढलं आणि एकामागून एक बंद केलं. तिकडे वर्ध्याजवळच्या आमच्या गावातून बाबांचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. गावातली आयटीत गेलेली पहिली मुलगी त्यांची, आणि तिनंच नोकरी सोडलेली. "नोकरीचं पाह्यलं काय?" ते विचारायचे. मी नाही म्हणायची, मग दोघंही पावसापाण्याचं बोलायचो.

नंतर मेसची साइट काढली. जेवणाऱ्यांनी पेठांतल्या मेसना पाचपैकी तारे द्यायचे. मी जिथे जेवायची तिथल्या काकूंना ती उत्साहानं दाखवली. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचला.

"आमटीला दोन तारे. आपण दिलेत का?"

"मी नाही, लोकांनी."

"मग त्या लोकांना म्हणावं, उद्यापासून तारेच खा."

साइट त्याच आठवड्यात गुंडाळली. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात शिरली. मी खोलीत बसून दुसऱ्यांच्या अडचणी रंगवत होते, आणि माझी स्वतःची अडचण दर आठवड्याला समोर उभी राहत होती. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद असतात. सकाळी फीस्टचं गोडाधोडाचं जेवण वाढायचं आणि संध्याकाळी कुलूप, हा इथला रिवाज. बाहेरगावची मुलं त्या संध्याकाळी वडापाववर नाहीतर बिस्किटांवर भागवतात. मीही तेच करायची.

काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "किती जण येणार ते सकाळी कळलं तर करीन. अंदाजानं कणीक भिजवून फेकायची माझी ऐपत नाही."

एवढंच काम होतं. मी साइटचं एकच पान बनवलं. ज्यांना रविवारी संध्याकाळी जेवायचंय त्यांनी सकाळपर्यंत कळवायचं, मग मी काकूंना आणि आसपासच्या तीन-चार मेसना फोन करायचा. तारे नाहीत, फोटो नाहीत. हिंजवडीच्या त्या जुन्या मित्राला कळलं. तो म्हणाला, "हे स्केल कसं होणार?" मी म्हटलं, "होणार नाही. पेठेबाहेर जाणारही नाही. तुला जेवायचं असेल तर सकाळी कळव."

फोन असे सुरू झाले आणि रविवारी सकाळी बाबांना माझा नंबर सतत एंगेज लागू लागला. शेवटी ते स्वतःच आले, मला घरी न्यायला. एका रविवारी संध्याकाळी, थेट स्टेशनवरून. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सामान बांध. इथं काय करून राह्यली तू?"

"मी येणार नाही," मी म्हटलं. "आधी जेवून घ्या."

काकूंकडे गेलो तर पंगत बसलेली. बाबांनी ताटाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि वाढणाऱ्या काकूंना विचारलं, "हे पोरगी काय काम करते, तुमाले माहीत आहे काय?"

काकूंनी पोळी वाढली. "दर रविवारी सकाळी हिचा फोन येतो, मग मी कणीक भिजवते. फोन आला नाही तर ही सगळी उपाशी. ह्याला तुमच्या गावाकडे काय म्हणतात, ते मला ठाऊक नाही."

बाबांनी आणखी पोळी मागून घेतली, आमटी मागून घेतली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते, कारण हरल्यासारखं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांची पिशवी मी धरली होती. माझं सामान खोलीतच होतं. गाडीत चढताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी सकाळी फोन नाही करत मी आता. तू कामात राहते."