टोपीतल्या नऊ गोळ्या

झुलाल आबांनी जळगावातल्या एका डाळ मिलच्या गेटवर एकतीस वर्षं लोकांचे डबे उघडले. पाळी सुटली की माणसं रांगेनं यायची, डबा पुढे करायची, आणि आबा झाकण काढून आत नजर टाकायचे. तुरीची डाळ कुठून कुठून बाहेर जाऊ शकते, यावर त्यांच्याएवढा अभ्यास कुण्या प्राध्यापकाचा नसेल. सायकलच्या सीटखालच्या नळीत, थर्मासच्या बुडात, एकदा तर पायाच्या प्लास्टरमध्ये. फक्त टोपीला त्यांनी कधी हात लावला नाही. दुसऱ्याच्या टोपीला हात घालणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. टोपीच्या घडीत मूठभर डाळ मावते, हे त्यांना माहीत होतं. आबांना माहीत आहे, हे टोपीवाल्यांनाही माहीत होतं. एवढ्या समजुतीवर गेट सुखानं चाललं.

आता दिवस फिरले होते. कॅन्सर हाडांत उतरला होता, आबा खाटेवर होते, आणि झडती त्यांचीच चालू होती.

दर गुरुवारी सकाळी सुलक्षणा सिस्टर स्कूटीवर यायची. दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या आणायची, दर चार तासांनी एक या हिशेबानं आठवड्याच्या बेचाळीस. या गोळ्या दवाखान्यात कुलपात राहतात. कुणाला किती दिल्या ते वहीत चढतं आणि ती वही वरचे साहेब कधीही येऊन बघतात. म्हणून रिकामी पाकिटं परत घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मगच नव्या द्यायच्या.

आबांना यात अपमान वाटला नाही, उलट करमणूक झाली.

"ताई, तुमची झडती कच्ची शे," पहिल्याच महिन्यात ते म्हणाले. "मोजताना तुम्ही पाकिटाकडे बघता. माणसाच्या तोंडाकडे बघावं."

सिस्टरनं ते लक्षात ठेवलं. तिथंच आबा फसले.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी पाकिटांतली बेचाळीसही घरं बरोबर रिकामी निघाली. पण आबांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. कूस बदलताना दात आवळलेले, कपाळावर घाम.

"सगळ्या घेता ना वेळेवर?"

"बठ्ठ्या. एकबी चुकवत नाही."

"तरी एवढं दुखतं? मग डॉक्टरांना सांगून गोळी वाढवावी लागेल."

आबा छताकडे बघू लागले. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, घरात पंखा गरम हवा फेकतोय, आणि आबा खाटेवर टोपी घालून पडलेले.

"अक्का, आबा झोपतानाही टोपी घालतात?" तिनं आबांच्या बायकोला, पुष्पाबाईंना विचारलं.

"माले काय माहीत, बाई! आठ दिवसपाईन डोकावरच शे. लगन नातनं शे, का याले नवरदेव व्हवानं शे?"

सिस्टरनं हात पुढे केला नाही. खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. "आबा, टोपी तुम्हीच काढा."

आबांनी काढली. घडीत केळीच्या वेफर्सच्या पिशवीचा तुकडा, आणि त्यात नऊ गोळ्या. रोज दुपारची एक, आणि एकदा रात्रीचीही, अशा आठ दिवसांत साठवलेल्या.

"रविवारी मोहिनीचं लगन शे. धुळ्याला," आबा हळूच म्हणाले. मोहिनी त्यांची नात, मुलीची मुलगी. "गाडीत दोन तास, मग हळद, मग लगन, मग बिदाई. म्हटलं, त्या दिवशी सगळ्या एकदम घेऊ आणि शेवटपर्यंत ताठ बसू. तुम्हाला सांगितलं असतं तर घेऊन गेल्या असत्या."

"एकदम घेतल्या असत्या तर श्वासच थांबला असता, आबा! आणि मी आज गोळी वाढवून गेले असते तर आणखीच."

 आबांनी गेटवरची जुनी समजूत पुढे केली. "गेटवर मी टोपी कधी तपासली नाही, ताई. मूठभर डाळ सोडून द्यायचो."

"डाळ खाऊन कुणी मरत नाही."

आबांनी टोपीची घडी बोटांनी नीट केली. 

"मला वहीत लिहावं लागेल," सिस्टर म्हणाली.

"लिहा. पण मला लग्नाला जाऊ द्या."

तिनं नऊ गोळ्या परत घेतल्या, लिहिलं, आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत बंदोबस्त झाला: रोजच्या गोळ्या वेळेवर, मध्येच कळ उठली तर घ्यायला दोन जास्तीच्या, आणि कुणी अडवलं तर दाखवायला सहीशिक्क्याचं पत्र.

रविवारी मुलगा भूपेंद्रनं मागच्या सीटवर गादी टाकून आबांना धुळ्याला नेलं. पत्र आबांच्या हातात, प्लास्टिकच्या पिशवीत. टोलनाका आला की ते पत्र काचेला लावून धरायचे. कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"कसलं गेट म्हणायचं हे!" आबा वैतागले. "हत्ती नेला तरी कळायचं नाही यांना."

पुढच्या गुरुवारी सिस्टरनं मोजणी केली. जास्तीच्या दोनांतली एक खर्ची पडलेली, पुष्पाबाईंनी वेळ लिहून ठेवलेली. पण रोजच्यांतली एक शिल्लक निघाली. रविवार दुपारची.

"आबा! परत साठवायला लागलात?"

आबांनी न सांगता टोपी काढून पुढे केली. घडीतून पाच-सहा अक्षता खाटेवर सांडल्या.

"मंगलाष्टकं चालू होती, ताई. मग पोरगी पाया पडायला आली." ते अक्षता वेचू लागले. "गोळी घ्यायची असते, हेच विसरलो."

पुष्पाबाईंनी मान हलवली. "खरं शे बाई. बिदाईपर्यंत ताठ बठेल व्हतात."

सिस्टरनं वही उघडली. 'शिल्लक एक' लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता. तिथं पेन जरा थांबलं, मग तिनं लिहिलं: नातीचं लग्न.

आबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"तारीख टाका," ते म्हणाले. "आणि वेळ. वेळेशिवाय नोंद कच्ची."