पाईपाच्या मागची बाजू

आमच्या साडूभाऊंनी गेल्या पस्तीस वर्षांत जगातली एकही गोष्ट सरळ बघितलेली नाही. वाकडं बघितलं असं मी म्हणत नाही, तेवढा त्यांचा स्वभाव वाईट नाही. पण जे काही बघितलं ते आरशात. ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान. गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं आणि भिंतीवरच्या आरशात बघत त्याच्याशी बोलायचं, अशी त्यांची पद्धत. नवा माणूस गोंधळतो, नमस्कार पाठीला करावा की भिंतीला, हे त्याला कळत नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मास्तर, समोर बघितलं की मानूस त्वांड सावरून बसतो. आरशात बेसावध घावतो." तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात शिरण्याआधी रस्त्यातच तोंड सावरून घेतो.

या खोडीचं मूळ त्यांच्या हुन्नरात आहे, आणि तो हुन्नर खरा आहे, हे मलाही नाइलाजानं कबूल करावं लागतं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये पाईप भिंतीला खेटून उभे असतात. पाईपाची पुढची बाजू कोणीही जोडेल. मागे मात्र बोटं जातील एवढीच जागा, तिथं मान घालता येत नाही. मग मागे आरसा धरायचा आणि त्यात बघत, हात वळवून जोड मारायचा. आरशात सगळं उलटं. हात न्यावा एकीकडे तर तो दुसरीकडेच चाललेला दिसतो. भल्याभल्यांची जोडायची तार तिथंच पाईपाला चिकटून बसते. साडूभाऊंना हे जमलं, आणि इतकं जमलं की आरसा नसतानाही त्यांचं डावं-उजवं पुन्हा कधी जागेवर आलं नाही. त्यांना पत्ता विचारू नये. सोनपेठहून मुलगी बघायला आलेली एक जीप त्यांनी "डाव्या हाताला तिसरं घर" म्हणून भलत्याच गल्लीत घातली. त्या घरातही लग्नाची मुलगी होती. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, आणि आज त्या दोघांना दोन लेकरं आहेत. साडूभाऊ अजून छाती काढून सांगतात, "आमीच जुळवलं ते."

दिसणाऱ्या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा. "दिसनारा जोड कुनीबी मारंल, त्यात काय इज्जत हाय?" परभणीला मी घर बांधलं तेव्हा गेट त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागलं, नात्यापुढे इलाज नव्हता. गेटचा दर्शनी भाग वरण उतू जाऊन वाळल्यासारखा. बिजागरीची भिंतीआडची बाजू मात्र सोनारानं बघत राहावी अशी. मी कुरकुर केली तर म्हणाले, "मागून बघा की, मास्तर!" मागून बघायचं तर शेजाऱ्याच्या अंगणात जावं लागतं, आणि तिथं कुत्रं आहे. वास्तुशांतीला आमचे मुख्याध्यापक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, तर यांनी त्यांना स्वतःच केलेल्या लोखंडी जिन्याखाली उताणं झोपवलं, हातात आरसा दिला आणि वरचा जोड दाखवला. मुख्याध्यापक सज्जन, झोपल्या जागेवरून "वा, वा" म्हणाले. पुढे वर्षभर माझा रजेचा प्रत्येक अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच उताणा पडून राहायचा.

अशा माणसाच्या नजरेला काही होईल हे आमच्या घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. गेल्या वर्षी ते आठवडी बाजारातून आरसे आणायला लागले. एक आणायचे, चार दिवसांनी शिव्या घालून दुसरा आणायचे. "मालच बोगस यायलाय, समदं धुरकट दावतंय." असे सात आरसे झाल्यावर आक्का, म्हणजे साडूभाऊंची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, परभणीला आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊजी, आरसे चांगले हायत. त्यायलाच दिसंना झालंय. डाक्टरनं सांगितलं, वेल्डिंग बंद करा, न्हाईतर हाय तेवढी नजरबी जाईल. अन् हे निघालेत गुळाच्या कारखान्यावर, बॉयलरच्या कामाला. उद्या जोड फुटला अन् कुनी भाजलं तर? तुमी सांगा त्यायला." साडूभाऊंनी माझं आजवर काहीच ऐकलेलं नव्हतं. पण आक्का रडत होती, म्हणून गेलो.

समजवायला कारखान्यावर गेलो आणि आरसा धरायला लागलो. या कामात वेल्डरचा एक हात वेल्डिंगच्या टॉर्चला, दुसरा वितळवायच्या तारेला. आरसा धरायला वेगळा माणूस लागतो, आणि त्यांचा नेहमीचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. "मास्तर, भाषन मागून. आधी हे धरा," म्हणून त्यांनी माझ्या हातात दांडीला लावलेला स्टीलचा तुकडा दिला. एक बाजू घासून घासून लखलखीत केलेली, दुसरी काळी. उजेड पेटला तसे मी डोळे गच्च मिटले, तोंड फिरवलं आणि ज्या देवांना कित्येक वर्षांत नारळ फोडला नव्हता त्या सगळ्यांची एकदम आठवण काढली. मधेच हात पोळायला लागला म्हणून आरसा दुसऱ्या हातात घेतला. साडूभाऊ आपले गुणगुणत होते, "जमायलंय, लय जमायलंय." बऱ्याच वेळानं उजेड विझला. मी डोळे उघडले, तर आरशाची लखलखीत बाजू माझ्याकडे होती आणि काळी बाजू त्यांच्याकडे. त्यांनी तोंडावरची काच वर केली, घाम पुसला आणि म्हणाले, "काय साफ दिसत हुतं, मास्तर! तुमच्यावानी आरसा आजवर कुनी धरला न्हाई."

पाईपात पाण्याचा दाब देऊन जोड तपासला. एक थेंब गळला नाही. मी आरसा सरळ करून मागची बाजू बघितली आणि बघतच राहिलो. या माणसाची मी गावभर टिंगल केली आहे, अजूनही करतो. पण त्या वेळी मला गहिवरून आलं आणि भीतीही वाटली. उद्या असाच एखादा जोड कच्चा राहिला आणि त्याच्यापुढे कोणी उभा असला तर? परत येताना ते रस्ताभर खुशीत बोलत होते. घरी आक्कानं विचारलं, "दिसतंय का वो त्यायला?" मी खरं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाला कुलूप लावलं.

चार महिने साडूभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. एकदाच आक्काकडून निरोप आला, "मास्तरला इचारा, जोड गळला का?" जोड गळला नव्हता. मी केलं ते बरोबरच केलं, असं मला सगळे सांगतात.

मागच्या सोमवारी राहवलं नाही म्हणून ताडकळसला गेलो. बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. माझ्या गाडीच्या आवाजावरून ओळखलं, सरकून जागा दिली. चहा आला, संपला. मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तर, तवा तुमी त्यो जोड बघितलाव ना? मला कुठं दिसला. सांगा की, कसा झाला हुता?"

मी तीस वर्षं पोरांकडून वर्णनात्मक निबंध लिहून घेतले, आणि तिथं मला एक धड वाक्य सुचेना. शेवटी मी माझं मनगट पुढे केलं, म्हणालो, "हाच पाईप समजा," आणि त्यांचं बोट धरून मनगटाच्या मागच्या बाजूनं सावकाश फिरवायला लागलो. अर्ध्यात आल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"हळू जा," म्हणाले. "तितं लय अवघड हुतं."